उष्टं शेण

माझे भासरे माझ्याशी कधीच बोलले नाहीत. जे सांगायचं ते त्यांनी गाईला सांगितलं.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या चांद्याकडं सुनेनं त्यांच्यासमोर उभं राहायचं नाही, त्यांच्या अंगावर आपली सावली पडू द्यायची नाही आणि त्यांच्याशी शब्द बोलायचा नाही, अशी रीत होती. ज्या बायांनी ती पाळली आहे त्यांना मी काय निराळं सांगणार? डोक्यावर पदर, तोंड भिंतीकडं, आणि कान मात्र उघडे. पण एका घरात राहायचं म्हटलं की निरोप द्यावे-घ्यावे लागतातच. कुणी ते पोरांकडून देत, कुणी भिंतीला ऐकवत. भासऱ्यांनी कपिला निवडली. आमचा गोठा स्वयंपाकघराला लागून होता, मधे नुसता काटक्यांचा लिंपलेला कुड, आणि कपिला त्या कुडाशीच बांधलेली असे. तिच्या पाठीवर हात ठेवून ते बोलत आणि मी इकडं चुलीशी बसून ऐकत असे.

मी कुरखेड्याकडून लग्न होऊन या घरी आले त्याच आठवड्यातली गोष्ट. घाबरून मी भाजीत मीठच टाकलं नव्हतं. सगळे निमूट जेवले. भासरे हात धुऊन गोठ्यात गेले आणि कपिलेला म्हणाले, "कपिले, आज भाजीले मीठ नाई वाटते वं. नवीन जागा हाये, मिठाचं मडकं सापडलं नसन. कोनाड्यात हाये म्हना." मी पदर तोंडात कोंबून हसले. सासरी आल्यावरचं माझं ते पहिलं हसू. दुसऱ्या दिवशी मीही कुडाच्या फटीतून कपिलेला हळूच विचारलं, "कपिले, आता बरोबर हाये का विचार." पलीकडून उत्तर आलं, "कपिला म्हनते, झ्याक हाये." तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. सासूबाईंना ते ठाऊक होतं, पण गाईशी बोलू नये अशी काही रीत नव्हती, त्यामुळं त्यांना हरकत घेता येईना.

माझी थोरली जाऊ मी पाहिली नाही. मी येण्याआधीच ती गेली. उन्हाळ्याच्या अखेरीस, पावसाआधी सरपण भरून ठेवायचं म्हणून गावातल्या बाया रानात जात, तशी तीही गेली. मोळी बांधून उठताना झुडपातून अस्वल आलं. अस्वल खात नाही माणसाला, नुसतं फाडतं. त्यानं तिचा चेहरा नेला. बायांनी तिला लुगड्यात गुंडाळून घरी आणलं. भासऱ्यांनी तिला बैलगाडीत घालून चांद्याच्या दवाखान्यात नेलं, परत आणलं, आणि पावसाळ्याच्या मध्यापर्यंत स्वतःच्या हातानं पेज भरवली. जखम सडत गेली. शेवटी शेवटी ती कोणालाच जवळ येऊ देत नव्हती, त्यांनाही नाही. हे मला शेजारच्या बायांनी सांगितलं. भासरे यातलं काही बोलत नसत. एकदाच कपिलेला म्हणाले, "एका भाताच्या हंडीसाठी बाई रानात जाते अन् आपलं तोंड देऊन येते. या घरातली बाई आता सरपणाले जानार नाई, कपिले. मी हाये तोवर नाई."

मी कुडाअलीकडं होते. ते माझ्यासाठीच होतं.

वर्ध्याकडं कुठल्याशा आश्रमात शेणातून जाळ काढून दाखवतात, असं कोणाकडून तरी ऐकून ते तिकडं गेले. बरेच दिवस राहिले, शेण कालवत राहिले, आणि शिकून आले. आल्यावर त्यांनी गोठ्यामागं विहिरीसारखा खड्डा खणला, विटांनी बांधून काढला. वर उपडं ठेवायला लोखंडी पिंप चांद्याच्या लोहाराकडून करवून आणलं. ते गाडीवरून गावात आलं तेव्हा गावाला वाटलं, आम्ही एखाद्या मोठ्या लग्नासाठी कढई विकत घेतली. शेण-पाणी एका नळीतून आत, वायू वरच्या पिंपात, आणि गाळ दुसऱ्या नळीतून बाहेर. मला शेगडी पेटवायला शिकवायची होती. तेही अर्थात कपिलेकडूनच. "कपिले, आधी काडी पेटवाची, मंग तोटी उघडाची. उलटं केलं तं मिशा जळतीन." मला मिशा नव्हत्या, कपिलेलाही नव्हत्या. पण मी तोटी कधी आधी उघडली नाही.

पहिल्या दिवशी निळा जाळ निघाला तेव्हा सासूबाईंनी शेगडीला हळदकुंकू लावलं. गाव लोटलं होतं. धूर नाही, राख नाही, फुंकणी नाही. म्हाताऱ्या बाया डोळे पुसत बघत होत्या, कारण त्यांचे डोळे तसेही सारखे गळत. गावानं गॅस आनंदानं मान्य केला. कोणी म्हणालं नाही की हे शेणाचं आहे. अडलं ते दुसऱ्या नळीशी.

दुसऱ्या नळीतून काळसर, पातळ, वास नसलेला गाळ रोज बाहेर येई. भासरे तो ओंजळीत घेत आणि नाकाशी नेत. त्यांचं म्हणणं, असली वस्तू हीच. यातलं पाणी धानाच्या पऱ्ह्याला, म्हणजे रोपांना द्या, घट्ट भाग वाळवून जाळा, राख पुन्हा शेतात टाका. रानात जायची गरज नाही आणि जमीनही उपाशी राहत नाही. पहिली बादली भरून ते शेताकडं निघाले, तेव्हा सासूबाई दारात आडव्या आल्या.

"काय घेऊन चाललास?"

"खत, माय."

"खत कायचं बाप्पा? याच्यातलं अग्नीनं खाल्लं ना? मंग हे उष्टं हाये. उष्टं शेन जमिनीच्या तोंडात घालाचं नाई."

एवढंच. पण जो शब्द त्या दिवशी दारात पडला तो मग कोणाला उचलता आला नाही. शेण कसलंही असो, ताजं असो, वाळलेलं असो, आमच्याकडं ते पवित्र. अंगण त्यानं सारवायचं, देवघर त्यानं सारवायचं. पण आधी कोणीतरी जेवलेलं शेण? त्यानं सारवलं तर देव उष्ट्यावर बसणार. ते चुलीत घातलं तर अग्नीला त्याचंच उष्टं परत वाढलं. शेतात घातलं तर काळ्या मायला दुसऱ्याच्या पानातलं खायला दिलं. एकदा शब्द मान्य केला की पुढचं सगळं बरोबरच होतं. मला शोधूनही त्यात खोट सापडली नाही, आणि मी चौथी शिकलेली होते.

भासऱ्यांनी गावाला समजावण्याचं एकही साधन सोडलं नाही. पारावर बसून ते सांगत, "गॅस म्हनजे ढेकर हाये गा. पोटातून ढेकर निंगाली म्हनून पोटातलं अन्न उष्टं होते का? जेवन तं अजून ताटातच हाये." लोक खो खो हसत आणि त्यांचं ऐकत नसत. त्या दिवसापासून गावानं त्यांचं नाव ढेकरभाऊ ठेवलं. पोरं त्यांना पाहून मुद्दाम मोठ्यानं ढेकर देत. ते थांबत आणि पोरांना म्हणत, "चांगली दिली. आता सांग, पोट रिकामं झालं का?" पोरं पळून जात.

मग त्यांनी गोवऱ्या थापायला घेतल्या. घट्ट गाळात धानाचं तूस कालवायचं आणि थापायचं. हे बायकांचं काम. पुरुष माणूस उकिडवा बसून गोवऱ्या थापतो म्हणजे घराची शोभा. आमचे हे, म्हणजे माझा नवरा, त्या वेळी मागच्या दारानं बाहेर जात, म्हणजे भावाला पाहावं लागू नये. ते वाईट नव्हते, त्यांना आईचंही पटे आणि भावाचंही. भासरे त्या गोवऱ्या कवेलूच्या, म्हणजे कौलांच्या, एका मांडवात नीट थप्पी लावून ठेवत. अंघोळीचं स्वतःचं पाणी त्या गोवऱ्यांवर तापवत. मी कुडाच्या फटीतून पाहत असे: जाळ संथ, धूर जवळजवळ नाहीच. कपिलेला म्हणत, "पाय वं, किती साधं जळते. पन याईले ते उष्टं." एक गोवरी ते गाईच्या नाकाशी धरत. गाय हुंगून मान वळवी. "तू पन?" असं म्हणून ते हसत. तेव्हा अजून हसू येत होतं.

दुसऱ्या नळीखालचा गाळाचा खड्डा भरत चालला. जमीन बंद, चूल बंद, अंगण बंद. अशा वेळी सुकरू ढिवर आला. गावाच्या वरच्या अंगाला एक बोडी होती, म्हणजे शेतांच्या वर बांध घालून अडवलेलं लहानसं तळं. तिच्यातला मासा सुकरूच्या घराकडं असे. त्याचा बाप, आजा तिथंच जाळं टाकत आले. तो खड्ड्याशी उकिडवा बसला, बोटानं गाळ ढवळला आणि म्हणाला, "भाऊ, मले द्या हे. माशाले उष्टं-पाष्टं समजत नाई. मासा तं जनम सारा आपल्या उष्ट्यावरच काढते."

भासऱ्यांनी त्याला त्या दिवशी मिठीच मारली म्हणतात. मी पाहिलं नाही, पण ते गोठ्यात आले तेव्हा त्यांच्या बंडीला मासळीचा वास होता. "कपिले, भेटला. एक तं भेटला."

पावसाळ्यात दोघं थोडा थोडा गाळ बोडीत सोडत. पाणी हिरवं झालं. हिवाळ्यात सुकरूनं जाळं ओढलं तेव्हा रोहू असे निघाले की त्याची बायको टोपली उचलून डोक्यावर घेईना, हसतच राहिली. साऱ्या गावानं ते मासे खाल्ले. आमच्या घरीही रस्सा झाला आणि सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतला. त्या संध्याकाळी भासरे कुडापलीकडं इतके हसले की कपिला बिचकून उठून उभी राहिली. "उष्टं खाल्लेला मासा गोड लागते वं! अन् उष्टं खाल्लेलं धान चालत नाई!" मग शांत होऊन म्हणाले, "चालन. पुढच्या साली चालन." आणि खरंच, त्याच महिन्यात शेजारची भागाबाई सासूबाई घरात नाहीत असं पाहून मागच्या दारी आली आणि वांग्यांच्या वाफ्यासाठी एक बादली गाळ पदराआड लपवून घेऊन गेली. भासऱ्यांनी कपिलेला गूळ खायला घातला. "एक बादली गेली, कपिले."

मी हे सगळं सावकाश सांगते आहे, कारण पुढचं सांगायला जीव होत नाही.

पुढच्या वैशाखात सुकरूच्या यमुनीचं लग्न ठरलं. बोडीतलं पाणी उन्हानं खाली गेलं होतं, पण मासा ठेवणीचा होता. लग्नाच्या आदल्या दिवशी सगळा ओढायचा, थोडा पाहुण्यांच्या पंगतीला, बाकीचा बाजारात, त्यातून पोरीचं लुगडं-भांडं. सुकरू हात जोडून भासऱ्यांकडं आला. "भाऊ, लग्नाच्या आधी माशाईले एक पंगत द्या. पोटभर. माजे पाव्हने जेवतीन तं मासे काऊन उपाशी?" आमच्याकडं पाहुण्याला नुसतं वाढून भागत नाही. तो नको म्हणाला की वाढायचं, हात आडवा केला की त्या हातावर वाढायचं. नाहीतर घराची लाज. भासऱ्यांनी हिवाळाभर साचलेला खड्डा उपसला. दोघांनी नाली खणून तो सगळा गाळ बोडीत सोडला. सुकरूनं काठावर नारळ फोडला. "जेवा बाप्पा, लाजू नका," असं तो पाण्याला म्हणाला, आणि भासरे शेजारी उभे राहून हसत होते. हे मला भागाबाईनं सांगितलं. ती पाणी भरायला गेली होती.

नंतर आभाळ आलं. पाऊस नाही, वारा नाही, ऊन नाही, नुसतं जड आभाळ दिवसेंदिवस डोक्यावर. आणि एका सकाळी ढिवरांच्या घरांकडून बायांचा रडण्याचा आवाज आला.

मीही गेले. सगळं गाव गेलं, रीतीभाती घरी ठेवून. बोडी पांढरी झाली होती. पोट वर करून मासे काठाकाठानं पडले होते, लहान, मोठे, सगळे. जे अजून जिवंत होते ते तोंड पाण्याबाहेर काढून आ वासत होते आणि आपल्यासमोर एकेक करून उलटत होते. सुकरूची बायको कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून जिवंत मासे उचलून पुन्हा पाण्यात सोडत होती, जणू ते रस्ता चुकले होते. यमुनी हळद लागायच्या आधीच पिवळी पडलेली, बांधावर बसून होती.

गावातून कोणीतरी म्हणालं, "उष्ट्यानं मारलं." मग सगळ्यांनी म्हटलं. भासऱ्यांकडं कोणी बोट केलं नाही, ते करावं लागलं नाही. ते पाण्यात उतरले. थोड्या वेळानं वर आले तेव्हा त्यांच्या हातात एक मरळ होती, तडफडत, चांगली जिवंत. ती त्यांनी पुन्हा पाण्यात सोडली आणि तिकडंच बघत उभे राहिले.

सुकरू ओरडला असता तर बरं झालं असतं. तो भासऱ्यांजवळ गेला आणि म्हणाला, "भाऊ, तुमी तं चांगल्यासाठीच केलं. मीच मांगितलं होतं." एवढं बोलून तो मेलेले मासे टोपलीत भरायला लागला, पुरायला.

त्या दिवशी दुपारी भासरे गोठ्यात आले. मग कपिलेला म्हणाले, "मरळ तेवढी वाचली वं. मरळ वर येऊन वारा घेते, ते बाकीच्याईले जमत नाई. त्याईले पान्यातला वारा पुरला नाई. गाळानं तो खाऊन टाकला." चारा सारल्याचा आवाज आला. "मी म्हनत होतो, जेवन अजून ताटात हाये. होतंच ना ते. खूप होतं. अन्न वाईट नव्हतं, कपिले. वाढनाऱ्याचा हात चुकला."

मी कुडाला कपाळ टेकून बसले होते. म्हणायचं होतं की हे गावाला जाऊन सांगा, पारावर सांगा. पण पारावर काय सांगणार? उष्ट्यानं नव्हे, जास्त वाढल्यानं मेले, असं? सुकरूच्या दारात त्यानं काय फरक पडणार होता?

भागाबाईनं त्याच दिवशी आपली वांग्यांची झाडं मुळासकट उपटून उकिरड्यावर फेकली. त्यांना फळं लागलेली होती. लहान, जांभळी, चकचकीत. यमुनीचं लग्न मोडलं नाही. लाल लुगड्याऐवजी आईच्या जुन्या लुगड्यात लागलं, वरणभातावर. लग्नानंतर सुकरूनं जाळं गुंडाळून आढ्याला टांगलं आणि बायकोला घेऊन घुग्घुसला कोळशाच्या खाणीत कामाला गेला. तीन पिढ्या पाण्यावर जगलेला माणूस जमिनीच्या पोटात गेला. जाताना तो आमच्या दारावरून गेला, भासऱ्यांनी त्याला हाक मारली नाही, आणि त्यानं मान वर केली नाही. तो परत आल्याचं मी ऐकलं नाही.

भासऱ्यांनी पहिल्या नळीत शेण टाकणं बंद केलं. पिंप हळूहळू खाली बसलं. निळा जाळ लहान होत होत एका सकाळी तोटी उघडली तरी आलाच नाही. मी काडी हातात धरून बसले होते. ती बोटापर्यंत जळली.

आणि कपिलेशी बोलणंही त्यांनी बंद केलं. आधी वाटलं, चार दिवस जातील. मग महिने गेले. ते गोठ्यात येत, तिला चारा टाकत, पाठीवर हात ठेवत आणि निघून जात. मला राहवेना. एक दिवस मी मुद्दाम भाजीत मीठ टाकलं नाही. आमच्या ह्यांनी पहिल्या घासाला माझ्याकडं पाहिलं. सासूबाईंनी कपाळाला आठ्या घातल्या. भासरे खाली मान घालून सगळं जेवले, हात धुतला आणि गोठ्यात गेले. मी कुडाशी कान लावून उभी राहिले. कपिलेचं रवंथ करणं तेवढं ऐकू येत होतं.

आता चूल पुन्हा लाकडावर आली, म्हणजे मी रानात जायला लागले. दुसरा उपाय नव्हता. मांडवात त्यांच्या गोवऱ्यांची थप्पी छपरापर्यंत उभी होती आणि मी सरपणाला रानात जात होते. एकदा मी त्यातल्या चार गोवऱ्या आणून चुलीत घातल्या. सासूबाईंनी तांब्याभर पाणी आणलं आणि पेटत्या चुलीत ओतलं. मग चूल फोडून नवी घातली. मी पुन्हा त्या थप्पीला हात लावला नाही. भासरे त्या मांडवावरून जाताना मान दुसरीकडं वळवत.

पण मी मोळी बांधून परत येई तेव्हा पांदणीच्या तोंडाशी, जिथं रान संपून शेतं सुरू होतात, तिथं ते उभे असत. खांद्यावर कुऱ्हाड, माझ्याकडं पाठ. भासऱ्यांनी सुनेकडं पाहायचं नसतं. इतर बायांच्या बोलण्यावरून आम्ही जवळ आलो हे त्यांना कळे, आणि मग ते पुढं चालू लागत, मागं वळून न पाहता, घरापर्यंत. उन्हात, थंडीत, दर खेपेला. या घरातली बाई सरपणाला जाणार नाही असं ते म्हणाले होते. तो शब्द मोडल्यावर उरलं होतं ते एवढंच. मला ते पाठमोरे दिसले की धीर येई आणि रडूही येई. वाटे, एकदा पुढं होऊन म्हणावं, भाऊ, बस झालं आता. पण ते म्हणायची रीत नव्हती.

आता ऐकते की गॅसच्या गाळाचं खत पोत्यात भरून विकतात. त्याच्या कांड्या करून भट्टीत जाळतात. तळ्यात मासळीला किती घालायचा याचंही माप आहे म्हणे. आमच्या गावातही एका मुलानं मला हे मोठ्या उत्साहानं समजावून सांगितलं. मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याला विचारलं, उष्टं म्हणत नाही का कोणी? त्याला माझा प्रश्नच कळला नाही.

बोडीच्या त्या उन्हाळ्यानंतर काही वर्षांनी भासरे श्रावणात गेले. आजारपण असं काही नव्हतं. ते जेवणातून कमी होत गेले, मग अंथरुणाला लागले आणि एका पहाटे सासूबाईंनी हाक मारली तर त्यांनी ओ दिली नाही. बाहेर झड लागली होती. नाल्याला पूर होता, रानाची वाट बंद. गावात ज्याच्या त्याच्या घरी लाकूड भिजलेलं. पुरुष ओसरीत जमून विचार करत होते की भिजल्या लाकडांवर हे प्रेत कसं जळायचं. राहून राहून सगळ्यांची नजर कवेलूच्या त्या मांडवाकडं जात होती आणि परत येत होती. तिथं कोरडी ठणठणीत थप्पी होती. पण बोलायचं कोणी? माणसाला शेवटच्या वेळी उष्टा अग्नी द्यायचा?

आमचे हे शेवटी आईजवळ गेले. "माय, मांडवातल्या गोवऱ्या..."

सासूबाई मुलाच्या उशाशी बसल्या होत्या. मला वाटलं, आता त्या म्हणतील, तो शब्द माझा चुकला होता. निदान आता म्हणतील. त्यांनी पोराच्या कपाळावरचे केस मागं सारले.

"न्या," त्या म्हणाल्या. "त्याच्याच हातचं हाये. आपलं उष्टं आपल्याले चालते."

पुरुषांनी थप्पी उतरवली. टोपल्यांवर ताडपत्री झाकून त्या गोवऱ्या नाल्याच्या उंच अंगाला नेल्या. इतक्या वर्षांत ती थप्पी मांडवातून बाहेर पडली ती अशी. बाया स्मशानात जात नाहीत. मी घरीच, मिठाचं मडकं होतं त्या कोनाड्याखाली बसून राहिले.

पुरुष परतले तेव्हा दिवस कलला होता. अंघोळी करून दारात निंबाचा पाला चावत उभे होते. कोणीतरी, बहुतेक भागाबाईचा नवरा, दुसऱ्याला हलक्या आवाजात म्हणाला, "चांगलं जळलं गा. एवढ्या पान्यात. धूरच नाई झाला."

मी उठले आणि कुडाशी गेले. कपिला म्हातारी झाली होती, बसूनच होती. मी फटीला तोंड लावलं.

"कपिले, सांग त्याईले," मी म्हटलं. "धूर नाई झाला म्हना."